भूगोलाच्या बाईंना विचारा : जून, पाऊस आणि पहिला तास

दरवर्षी मे संपता संपता पत्रं वाढतात, पण यंदा जवळजवळ सगळीच नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलीत आणि सगळ्यांचं म्हणणं फिरून एकच, की शाळा सुरू होतेय, भूगोलाचं करायचं काय. म्हणून या अंकात दुसरे प्रश्न घेतलेच नाहीत. ज्यांनी भूकंपाबद्दल विचारलंय त्यांनी जरा थांबा.

प्रश्न : बाई, मी यंदा पहिल्यांदाच नववीला भूगोल घेतेय. माझा विषय इतिहास, पण शाळेत म्हणाले दोन्ही तुम्हीच बघा. वर्गात ६२ मुलं आहेत. भिंतीवरचे नकाशे कपाटावर गुंडाळून पडलेत, त्यातले दोन वाळवीने खाल्लेत. मुलं म्हणतात भूगोल म्हणजे ४० मार्कांचं पाठांतर. पहिल्या आठवड्यात नक्की काय घेऊ? — एक नवीन शिक्षिका, सिडको, नाशिक

माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून तूच म्हणते, चालेल ना. वाळवी लागलेले नकाशे आधी फेकून दे, वाळवी दुसऱ्यांनाही लागते, आणि बाकीचे पहिल्या आठवड्यात कपाटावरच राहू देत. हे मी मुद्दाम सांगतेय. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या तासाला भारताचा नकाशा टांगला, फळ्यावर भूगोलाची व्याख्या लिहिली आणि दोनदा वाचून घेतली, आणि मला वाटलं काय भारी शिकवलं. मग पहिल्या चाचणीत विचारलं गंगेचा उगम कुठे होतो. एका मुलाने लिहिलं त्र्यंबकेश्वर. मी लाल पेनने फुली मारली. दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत हजर, रामकुंडावर फुलं विकायची ती. म्हणाली बाई, मी जन्मभर गंगेवर बसते, ती त्र्यंबकहूनच येते, तुम्ही कुठल्या गावच्या?

आता नाशकात सगळेच गोदावरीला गंगा म्हणतात, गंगेवर जाऊन येतो म्हणतात, गंगेला पूर आलाय म्हणतात, आपल्या धरणाचं नाव गंगापूर आणि रस्त्याचं गंगापूर रोड, मग त्या पोराचं काय चुकलं? मार्क मी दिला नाही, पेपर तो पेपर, पण पुढच्या वर्षीपासून माझा जूनचा पहिला तास त्या आजीच्या गंगेपासून सुरू व्हायला लागला, तो रिटायर होईपर्यंत.

तूही तसंच कर. विचार मुलांना, आपली गंगा येते कुठून आणि जाते कुठे. ब्रह्मगिरी, म्हणजे गोदावरी जिथून निघते तो त्र्यंबकचा डोंगर, सगळ्यांना माहीत असतो. मग विचार की ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, तरी ही बाई तिकडे न जाता १,४६५ किलोमीटर उलटी चालत पार आंध्रात बंगालच्या उपसागराला का जाते? इथे गप्प बसायचं. उत्तर सांगायची घाई करायची नाही. कोणीतरी म्हणेल देवाची इच्छा, कोणीतरी म्हणेल गौतम ऋषी, म्हणू दे. मग एक मुलगा म्हणेल उतार असेल बाई. बस, सापडला तुला तुझा वर्ग. सह्याद्री पश्चिमेला कड्यासारखा कोसळतो आणि पूर्वेला पठार हळूहळू उतरत जातं, आणि त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत जे पाणी पलीकडच्या बाजूला पडतं ते वैतरणेतून अरबी समुद्रात जातं, म्हणजे एकाच ढगाचं पाणी, एका घराचे दोन भाऊ आणि तोंडं दोन दिशांना. याला पुस्तकात जलविभाजक म्हणतात, हा शब्द शेवटी सांग, आधी नको.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे गडबडणार नाहीस. बऱ्याच मुलांच्या डोक्यात असतं की नदी नकाशात वरून खाली वाहते, कारण भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर आणि दक्षिण खाली. त्यांना कळवणची गिरणा दे. ती आपल्या जिल्ह्यात सह्याद्रीतून निघून पूर्वेला जाते आणि मग जळगावकडे वळून उत्तरेला तापीला मिळते, म्हणजे नकाशात चक्क वर चढते. वर्गात भांडण होतं यावर. होऊ दे.

दुसऱ्या दिवशी वर्गाचाच नकाशा काढायला लाव. घर ते शाळा हा नकाशा मी दहा वर्षं काढून घेतला आणि मग बंद केला, कारण मुलं त्यात रस्ता काढतात, वडापावची गाडी काढतात, मारुतीचं देऊळ काढतात, अंतर आणि दिशा काही नाही. वर्ग बरा. पावलांनी मोजायचा, मग टेपने मोजायचा, १ सेंटिमीटरला १ मीटर धरायचा, ८ बाय ६ मीटरचा वर्ग वहीच्या पानावर आरामात बसतो. आणि गंमत बघ, ६२ पैकी ६० मुलं फळा वरच्या बाजूला काढतील, कारण ती फळ्याकडे तोंड करून बसतात. मग विचारायचं उत्तर कुठली भिंत. कोणालाच माहीत नसतं, शिक्षकांनाही नसतं, मलाही पहिल्या वर्षी नव्हतं. पावसाचे ढग कुठून येतात विचार, त्र्यंबकच्या बाजूने म्हणतील, ती पश्चिम, तिथून उत्तर शोधा आणि वही फिरवा. वही फिरवल्यावर त्यांना पहिल्यांदा कळतं की नकाशाची वरची बाजू ही आपण ठरवलेली गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट सावलीची, पण याला ऊन लागतं आणि जूनमध्ये ऊन नशिबाचं. २१ जूनच्या आसपास ऊन पडलंच तर मैदानावर १ मीटरची काठी सरळ उभी कर. बारा वाजता नाही हं. आपलं घड्याळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावर चालतं आणि नाशिक आहे ७३°४८' च्या जवळपास, एका अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्य आपल्याकडे सुमारे ३५ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून साडेबारा उलटून पाचसात मिनिटांनी बघायचं. सावली अगदी एवढीशी पडेल, ६ सेंटिमीटर, आणि पडेल कुठे? दक्षिणेला! मुलांनी पाठ केलेलं असतं की आपण उत्तर गोलार्धात म्हणून दुपारची सावली उत्तरेला. बरोबर आहे, पण कर्कवृत्त २३°३०' वर आणि आपण २०° वर, तर त्या दिवशी सूर्य आपल्याही उत्तरेला गेलेला असतो. कर्कवृत्त महाराष्ट्राच्याही उत्तरेकडून जातं, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, नाशकात साधारण २० मे आणि मग जुलैचा चौथा आठवडा. मे मध्ये सुट्टी आणि जुलैमध्ये ढग, असा आपला आणि सूर्याचा वर्षानुवर्षांचा बेबनाव आहे. दुपारच्या अधिवेशनाची शाळा असेल तर तुझं काम सोपं, प्रार्थनेच्या आधीच उरकून घे.

हे सगळं करायला जाऊ नकोस, पहिल्या वर्षी दोन गोष्टी पुरे. गंगा आणि वर्गाचा नकाशा घे, सावली नशिबाने मिळाली तर. आणि पर्जन्यमापक मात्र पहिल्या दिवसापासून लाव, त्याला काही तास लागत नाही. सरळ भिंतीचा, तोंड आणि बूड सारखं असलेला पत्र्याचा डबा घे, गच्चीवर झाडांपासून लांब ठेव, वाऱ्याने पडू नये म्हणून बाजूने विटा लाव, रोज एका ठरलेल्या वेळी पट्टी घालून मिलिमीटर मोजायचे आणि पाणी ओतून टाकायचं. रोल नंबरप्रमाणे रोज दोघं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे एकदा कळलं की मुलं आपणहून मैदानाचं गणित करायला लागतात. वाचन वर्गातल्या कार्डशीटवर लिहायचं, जुलैअखेर आलेख तयार. पाचव्या धड्यात वृष्टी येईल तेव्हा तुला काही शिकवायचं उरणारच नाही.

प्रश्न : माझा मुलगा यंदा दहावीला गेला. गणित, सायन्सला क्लास लावलाय. भूगोलाला म्हणतो ब्राझील कशाला शिकायचं, आपल्याला काय करायचंय ब्राझीलशी. दिवाळीनंतर गाइड वाचून टाकीन म्हणतो. मला काळजी वाटते. — एक आई, इंदिरानगर

ताई, काळजी करू नका पण दिवाळीची वाटही बघू नका. दहावीचा सध्याचा भूगोल म्हणजे पहिली क्षेत्रभेट सोडली तर भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून बघायचे, स्थान, प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या असं पुढे. गाइडवाले त्याचे दोन रकाने करून देतात, मुलं ते रकाने पाठ करतात, आणि परीक्षेत रकाने एकमेकांत मिसळतात, दरवर्षीचं आहे हे, मी पेपर तपासायचे तेव्हा ॲमेझॉन भारतात आणि मान्सून ब्राझीलमध्ये बघितलाय.

त्याला सांगा ब्राझील नंतर, आधी इगतपुरी. तुम्ही लोक मुंबईला जाताच ना, कसारा घाट लागतो, पावसाळ्यात इगतपुरीला काचेवर वायपर थांबत नाही, तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. नाशकात आलो की ७०० च्या आसपास. आणि येवला, नांदगावकडे गेलो की ५०० च्या जवळ. एकच जिल्हा, एकच मान्सून. नैर्ऋत्येकडून येणारे वारे घाटावर आपटतात, वर चढतात, थंड होतात, तिथेच ओतून टाकतात आणि पलीकडे रिकाम्या हाताने येतात. त्याला पर्जन्यछाया म्हणतात, आणि ती त्याने सिन्नरच्या मामाकडे जाताना खिडकीतून बघितलेली असणार, फक्त नाव माहीत नव्हतं.

आता ब्राझील. तिथेही किनाऱ्याला लागून उच्चभूमीचा कडा आहे, पुस्तकात त्याला अजस्र कडा म्हटलंय. फक्त तो पूर्वेला आणि वारे येतात आग्नेयेकडून. बाकी गोष्ट तीच, कड्याच्या समुद्राकडच्या बाजूला पाऊस आणि पलीकडे कोरडं. ईशान्येकडच्या कोरड्या भागाला अवर्षण चतुष्कोन म्हणतात. इगतपुरी आणि येवला माहीत असलेल्या मुलाला हे पाठ करावं लागत नाही, आरशात बघितल्यासारखं उलटं करावं लागतं.

आणि अजून एक, हे पुस्तकात नसलं तरी त्याला सांगाच. साओ पावलो शहरातून तिएते नावाची नदी जाते. तिचा उगम समुद्रापासून वीसपंचवीस किलोमीटरवर, आणि ती समुद्राकडे पाठ करून आत आत जाते, पाराना नदीला मिळते. आपली गोदावरीच ना ही? मागच्या प्रश्नातली गंगेची गोष्ट त्याला वाचून दाखवा, मग विचारा तिएते अशी का वागते. सांगितलं तर त्याचा भूगोल झाला समजा, नाही सांगता आलं तर आहेच मग गाइड. ४० मार्क आहेत हो, गणिताच्या एका भागाएवढे, आणि ते मिळवायला गणितापेक्षा निम्मे कष्ट.

जूनमध्ये एवढंच करा, घरात भारत आणि जग असे दोन नकाशे लावा, फ्रिजवर लावा, बाथरूमबाहेर लावा, कुठेही. नकाशा भरायचा प्रश्न असा जाता येता सुटतो.

प्रश्न : मॅडम आमच्या पुस्तकात पहिलाच धडा वितरणाचे नकाशे आहे. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, सममूल्य पद्धत. खूप बोअर आहे. सॉरी. — नववी अ

सॉरी कशाला, मलाही बोअर व्हायचा. तुझ्या गल्लीत टू-व्हीलर किती, हे मोज आणि प्रत्येक पाच गाड्यांना एक टिंब दे, घर जिथे तिथेच टिंब, झाली टिंब पद्धत. आता जिल्ह्याच्या नकाशात प्रत्येक तालुक्याला पावसाप्रमाणे फिकट गडद रंग दे, ती क्षेत्रघनी. मग बघ, त्यात इगतपुरी तालुका सगळा गडद दिसेल, जसा काही तालुक्याची हद्द ओलांडली की पाऊस थांबतो. पाऊस काय तहसीलदाराला विचारून पडतो? म्हणून सारखा पाऊस असलेली गावं रेषेने जोडतात, ती सममूल्य. तिसरी पद्धत दुसरीच्या चुकीतून आलीय असं डोक्यात ठेव, कुठली कधी वापरायची ते आपोआप कळेल. कांद्याच्या चाळी दाखवायच्या तर कुठली वापरशील? पुढच्या अंकासाठी लिहून पाठव.

प्रश्न : आमची शाळा निफाड तालुक्यात आहे. क्षेत्रभेट जूनमध्येच उरकून टाका असं वरून सांगितलंय म्हणजे नंतर परीक्षांची गडबड नको. जवळ नांदूरमध्यमेश्वर आहे, तिथे न्यावं का? शिवाय बसचे पैसे पालक देत नाहीत. — एक सर

सर, उरकून टाका हा शब्द ऐकला की मला धडकीच भरते. नांदूरमध्यमेश्वरला जूनमध्ये नेऊ नका. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा तो बंधारा, गाळ साचून साचून झालेली पाणथळ जागा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मध्ये जाहीर झालं, सगळं खरं, पण पाहुणे पक्षी येतात थंडीत. जूनमध्ये मुलांना चिखल दिसेल आणि ती म्हणतील हेच का ते. डिसेंबर-जानेवारीत न्या, सकाळी लवकर न्या, आणि परवानगीचं पत्र आत्ताच देऊन ठेवा.

जूनची क्षेत्रभेट चालत करा. शाळेच्या मागे नाला असेलच, शेत असेल. मातीचा काळा थर किती जाड, खाली मुरूम कुठे लागतो, विहीर असेल तर कडेने खडकाचे थर बघा (विहिरीजवळ मुलांना दोराच्या अलीकडे उभं करा, याबाबतीत मी फार कडक होते). हा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा थरावर थर पसरत गेला त्याचा, आणि तो झिजून ही काळी माती, आणि त्या मातीत तुमच्याकडची द्राक्षं आणि कांदा. पालकांपैकी निम्मे शेतकरी असतील, एखाद्यालाच बोलायला उभं करा. बसचे पैसे न देणारा बाप विहिरीचे थर असे सांगतो की मी आणि तुम्ही वहीत लिहून घ्यावं.

नाशिक शहरातल्या शाळांनी विचारलंय म्हणून तेही इथेच सांगते. पावसाळ्यात गंगेवर दुतोंड्या मारुती, नदीपात्रातली ती उंच मूर्ती, दाखवायला न्या, पण पूर नसताना. मारुतीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, गळ्याला पाणी, यावर नाशिककर पूर मोजतात, २०१६ आणि २०१९ च्या पुरात काय झालं ते मुलांच्या घरी सगळ्यांना आठवतंय. मुलांनी घरी विचारून यायचं. मग पेपरातली बातमी काढायची, गंगापूर धरणातून एवढे क्युसेक विसर्ग. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे दीड बादली. हजार क्युसेक किती बादल्या? हे गणित सातवीतलं आहे पण दहावीची मुलं ते तोंड उघडं ठेवून करतात.

प्रश्न : मी निवृत्त आहे, नातू आठवीत. आमच्या वेळी टोपोशीट (स्थलदर्शक नकाशे) वगैरे शिकवायचे. आता सगळं मोबाईलवर दिसतं, मग शाळेत अजून नकाशावाचन कशासाठी? — एक आजोबा, नाशिकरोड

आजोबा, मोबाईल तुम्हाला सांगतो डावीकडे वळा. तुम्ही कुठे आहात हे तो स्वतःकडेच ठेवतो, तुम्हाला सांगत नाही. रस्ता चुकल्यावर नेटवर्क नसलं की कळतं. शिवाय गुगलवर उतार दिसत नाही पटकन, टोपोशीटवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जवळ जवळ आल्या की बोट ठेवल्याबरोबर कळतं इथे कडा आहे.

नातवाला एक कोडं घाला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटमध्ये नाशिक एका शीटवर सापडत नाही. २०° उत्तर अक्षवृत्त शहराच्या मधूनच, सीबीएस-शालिमारच्या आसपासच्या भागातून जातं आणि शीटची कड नेमकी तिथेच येते, त्यामुळे पंचवटी ४६ एच वर आणि तुमचं नाशिकरोड ४७ ई वर. आम्ही शाळेत दोन शीट चिकटपट्टीने जोडून गोदावरी पूर्ण करायचो, आणि दरवर्षी कोणीतरी वात्रट मुलगा विचारायचाच, बाई मी या शीटवरून त्या शीटवर गेलो तर तिकीट लागेल का. आता या संस्थेच्या साइटवरून नवीन शीटच्या पीडीएफ मिळतात, १:५०,००० च्या, त्यांचे नंबर वेगळ्या पद्धतीचे आहेत तेवढं लक्षात ठेवा. प्रिंट काढून द्या त्याला, मोठ्या कागदावर, झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री सांगा. मग दोघं मिळून तुमच्या घरापासून पांडवलेणीपर्यंत किती रेषा चढायच्या ते मोजा, आणि रविवारी पाऊस नसेल तर चढून बघा. गुडघे दुखत असतील तर तुम्ही खाली बसा, त्याला वरून हात करायला सांगा.